उद्याचा आकडा

“चोवीस पेशंट ना? मग सलाइनच्या पन्नास बाटल्या पुरतील,” धुळ्याहून आरोग्य खात्याचे साहेब फोनवर म्हणाले. “जीप उद्या दुपारी निघेल.”

सुगंधाबाईंनी रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. त्या उपकेंद्राच्या नर्स. पाड्यावर जुलाब-उलट्यांची साथ आली होती. पहाटे त्या नाल्यातून चालत निघाल्या, पुढे दुधाच्या गाडीत बसून पिंपळनेरच्या पोस्टात पोचल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

“साहेब, उद्या दुपारी चोवीस नसतील. सोमवारी तीन होते, मंगळवारी सहा, काल बारा, आज चोवीस. रोज दुप्पट होताहेत.”

“तीन दिवसांत एकवीस वाढले. म्हणजे रोज सात. उद्या एकतीस धरू.”

“सात नाही, साहेब. रोज शंभर टक्के. उद्या अठ्ठेचाळीस होतील, परवा शहाण्णव. बठ्ठा पाडा, अगदी घरन् घर, एकाच नाल्याचं पाणी पितो.”

“सिस्टर, लहान आकड्यावर टक्का असाच मोठा दिसतो. घाबरून हिशोब करू नका. मयत किती?”

“अजून एकही नाही.”

“मग झालं तर.” लाइन तुटली.

पुन्हा फोन लागेना. सुगंधाबाई बाकावर बसल्या. त्यांच्याजवळ सात बाटल्या उरल्या होत्या. पाड्यावरच्या बायकांना मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगून त्या आल्या होत्या. पण कित्येकांच्या पोटात तेही ठरत नव्हतं. नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्यांनी रजिस्टरात एकही खोटी ओळ लिहिली नव्हती.

त्या उठल्या. “भाईदासभाऊ, तार करायची आहे. कलेक्टर साहेबांना. लिहा, रुग्ण अठ्ठेचाळीस.”

पोस्टमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “ताई, आजना आकडा ते चोवीस शे ना?”

“गाडी काय आज येस? उद्या येई. उद्याना आकडा लिखा, भाऊ.”

भाईदासांनी लिहिलं. पेन थांबवून त्यांनी विचारलं, “मयत?”

सुगंधाबाईंनी खिडकीच्या गजाला धरलं. मग म्हणाल्या, “दोन.”

जीप त्याच दिवशी संध्याकाळी पाड्यावर आली. डॉक्टर, दोन कंपाउंडर आणि खोक्यांवर खोकी. सुगंधाबाई झोपडीच्या दारात उभ्या होत्या. आत-बाहेर सगळीकडे माणसं आडवी पडली होती. डॉक्टरांनी कंदिलाच्या उजेडात मोजायला सुरुवात केली. छत्तीसवर ते थांबले. खिशातून तारेचा कागद काढला.

“तुम्ही अठ्ठेचाळीस लिहिलंय.”

“सकाळपर्यंत होतील.”

“आणि मयत कुठे ठेवलेत?”

सुगंधाबाईंनी डॉक्टरांच्या हाताला धरून त्यांना आत नेलं. कोपऱ्यात करमसिंग बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. जमनाचे डोळे खोल गेले होते. तिच्या शेजारी घोंगडीवर म्हातारा आमश्या पडला होता. त्याची बोटं पाण्यात भिजवल्यासारखी सुरकुतली होती.

“हे दोघं,” त्या म्हणाल्या. “अजून श्वास चालू आहे. आधी यांना लावा.”