ब्रिजिटची कॅसेट

"तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ही बाई माझ्या वर्गात होती," युस्टेसकाका म्हणाले.

शुक्रवारची सुट्टी होती. बहारीनला, मनामातल्या कामगारांच्या खोलीत तुकारामने एक कॅसेट लपवून आणली होती आणि तिच्या वेष्टनावर ब्रिजिट हसत होती. तिच्या तसल्या सिनेमांपायी वसईत आता तिचं नावसुद्धा कुणी घेत नसे.

"वर्गात?" तुकाराम हसला.

"एका बाकावर. माझं दप्तर डोक्यावर घेऊन तिने वसईची खाडी पोहून पार केली, एक पान भिजलं नाही. मध्येच सुसर आडवी आली, तर डब्यातलं अर्धं सुकेळं, आमच्याकडचं वाळवलेलं केळं, देऊन तिला वाटेला लावलं. उरलेलं अर्धं मला."

खोली खदखदून हसली. काका मात्र वेष्टनाकडेच बघत होते. चिंचेवरून पडली तेव्हाची खूण तिच्या भुवईवर अजून होती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तुकारामने व्हिडिओत कॅसेट ढकलली, तसे काका उठून चपला शोधू लागले.

"बसा की काका. मैत्रीण ना तुमची?"

"नको रे बाबा. आमचा उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत असलं काही बघायचं नसतं."

वसईच्याच कॉर्नेलियसने सुसरीची गोष्ट मुकाट ऐकून घेतली होती. आता तो हळूच म्हणाला, "काका, ही मात्र थाप. ईस्टर होऊन महिना झाला."