दाढ काढल्याचा तिसरा दिवस

बैल सजून उभा होता आणि जमनीचं तोंड उघडत नव्हतं.

तांड्याची रीतच तशी. सासरी निघताना नवरीनं बैलाच्या पाठीवर उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे आणि माहेराचा निरोप गाऊन घ्यायचा. हवेली म्हणतात त्या गाण्याला. हवेली न म्हणता निघालेली पोर म्हणजे आईनं काही शिकवलंच नाही, असा सरळ अर्थ. जमनी तीन महिने म्हाताऱ्या मानीबाईजवळ बसून ती शिकली होती. आणि ऐन लग्नात दाढ ठणकली. तिची आई रुक्माबाई तिला नव्यानंच सुरू झालेल्या एस.टी.त कोंबून दिग्रसला घेऊन गेली. डॉक्टरानं दाढ उपटली, मिठाच्या पाण्यानं हळू गुळण्या करा म्हणाला, आणि आठ दिवस ओरडायचं नाही, गाणं तर सोडूनच द्या. रुक्माबाईनं त्याला ऐकवलं की लग्न काही आठ दिवस थांबत नाही. मग रक्तही थांबणार नाही, असं तो म्हणाला.

आज तिसरा दिवस. सूज निम्मी उतरली होती. काल जमनीनं ज्वारीच्या कण्या गिळल्या तेव्हा रुक्माबाईला कोण आनंद झाला. पण दातांतून अजून एक बोटसुद्धा आत जात नव्हतं.

रुक्माबाईला धास्ती होती विहिणीची. मथुराबाईच्या तोंडाला लागू नये, असं महागावापर्यंत सगळे म्हणत. मुकी सून गळ्यात मारली, असं ती एकदा म्हणाली की पोरीनं जन्मभर ऐकायचं. म्हणून रुक्माबाईनं डोकं चालवलं. पुतणी शेवंतीनं बैलामागं दडून गायचं आणि जमनीनं घुंगट ओढून नुसते हात वर करायचे. मानीबाईला हे पटलं नाही. तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता.

"गानं काय दातानं म्हनतेत?" एवढंच ती बोलली.

जमनी बैलावर चढली. शेवंतीनं मागून सूर लावला, चांगला खणखणीत. जमनीनं मान हलवून तिला गप्प केलं. गालातला कापसाचा बोळा काढून आईच्या हातात दिला. तिला विहिणीबिहिणीचं काही नव्हतं. आपलं माहेर आपल्याच तोंडानं सोडायचं होतं.

आवाज कसला, पुटपुटणंच ते. बापाच्या गायी वाढोत, भावांचा तांडा भरलेला राहो. पहिली ओळ बैलाच्या शिंगांपुढं गेली नाही. बाया जवळ सरकल्या. रुक्माबाईला वाटलं, गेली अब्रू.

तिसऱ्या कडव्याला जमनी थांबली. तोंडात रक्त आलं होतं. थुंकावं, तर निघत्या पावली माहेराच्या मातीवर कसं थुंकायचं? गिळावं, तर तोंड पुन्हा भरून येत होतं. ती ओठ घट्ट मिटून तशीच उभी राहिली.

वऱ्हाडातून मथुराबाई वाट काढत पुढं आली. रुक्माबाईनं डोळेच मिटून घेतले.

मथुराबाईनं अंगावरची आरशांची नवी ओढणी दोन्ही हातांवर पसरली आणि बैलाच्या पाठीपर्यंत वर धरली.

"थुंक यात, बाई," ती म्हणाली. "अन् पुढचं म्हन. मी ऐकून राह्यली."