वेगाचे बूट

"रोज पळायचं असेल तर हे जाड तळव्याचे घ्या, वहिनी. ते हलके आहेत ते वेगाच्या सरावाला," दुकानदार उमेर म्हणाला. "शर्यत कुणाशी आहे?"

"सासऱ्यांशी," मनस्विनी बाकावर टेकत म्हणाली. "अण्णांना हल्ली काही आठवत नाही. संध्याकाळ झाली की शाळेत शिकवायला उशीर झाला म्हणून घरातून निघतात, आणि मी मागे. फाटकाला कुलूप लावलं तर लहान मुलासारखे रडतात. परवा पार मांडवीच्या जेटीवर सापडले."

उमेरची थट्टा थांबली. "म्हणजे पळणं रोजचंच."

"रोजचंच. पण वेगात तेच पुढे असतात."

तिने हलके घेतले. पाय सुजतात म्हणून एक नंबर मोठे. घरी आली, नवे बूट नेहमीसारखे दाराबाहेर पायरीवर काढले आणि अण्णांचा चहा ठेवायला आत गेली. आधण येतंय तोच फाटक वाजलं.

ती धावत दारात आली.

 

पायरीवर उरल्या होत्या फक्त अण्णांच्या झिजलेल्या चपला.