पाणचक्कीवाल्याचं स्तोत्र

पुस्तक थर्स्टनच्या हातात होतं आणि हॅमोची मानही. चामड्याचं जाड स्तोत्रांचं पुस्तक. आरोपीनं त्यातलं एक ठरलेलं स्तोत्र लॅटिनमध्ये वाचून दाखवलं की तो शिकलेला ठरे आणि फासावरून सुटे. अंगठ्यावर तापलेल्या लोखंडाचा डाग बसे, तेवढंच. नव्या राजाच्या कायद्यानं ही सवलत आयुष्यात एकदाच मिळे, आणि दुसऱ्यांदा आलेला गडी अंगठ्यावरून ओळखू येई. माणूस खरंच वाचतो की नाही, हे सांगायचं बिशपच्या कारकुनानं. इथं तो कारकून थर्स्टन होता.

हॅमो पाणचक्कीवाला. शेजाऱ्याची घोडी पळवताना सापडलेला. पूर्वीचे दिवस असते तर त्याच्या सरदाराचे पन्नास बिल्लेवाले भालेकरी दाराशी उभे राहिले असते आणि पंचांना एकाएकी काही आठवेनासं झालं असतं. पण राजानं सरदारांच्या फौजा मोडल्या होत्या, आणि न्यायाच्या खुर्चीवर बसवले होते सर गर्व्हेजसारखे गावचे जमीनदार. सर गर्व्हेजना शिकारी कुत्र्यांतलं उत्तम कळे. लॅटिनमधलं कळतं असं दाखवावं लागे, कारण राजाला हल्ली विद्वान माणसं आवडत होती.

हॅमोला अक्षर काळं का गोरं तेही ठाऊक नव्हतं. नॉरफक परगण्यात हे थर्स्टनइतकं कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. वीस वर्षं तो या माणसावर जळत होता. त्याच्या रुंद खांद्यांवर, पाच पोरांवर, दाढीतल्या पिठावर. आणि सगळ्यात जास्त, आत्ता कठड्याला धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोवर.

इडोनी. हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी. लग्नाआधी सफरचंदाच्या बागेत थर्स्टननं तिला हेच स्तोत्र शिकवलं होतं, आणि शिकवता शिकवता मनातलंही सांगून टाकलं होतं. ती गोड हसली, घरी गेली, आणि सहा महिन्यांत पाणचक्कीवाल्याशी लग्न करून मोकळी झाली. थर्स्टन ऑक्सफर्डला गेला. फ्लॉरेन्सहून परतलेल्या गुरूंकडून नवी विद्या शिकला, ग्रीकसुद्धा शिकला. पण पाणचक्कीचं चाक फिरताना ऐकलं की तो आजही वाट बदले.

त्यानं भलतंच पान उघडलं आणि पुस्तक उलटं करून हॅमोपुढे धरलं.

"वाच, बाबा. सावकाश वाच. घाई कुणालाच नाही."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नीट वाच रे, पिठात माती कालवतोस तसं करू नकोस!" लोक हसले.

हॅमोनं उलट्या पुस्तकावर जाड बोट ठेवलं आणि डोळे मिटून स्तोत्र सुरू केलं. घडाघडा, एकही चूक न करता. थर्स्टननं कान टवकारले. तिसऱ्या शब्दानंतर श्वास, मग एक आवंढा, मग पुढचं. बागेत घाबरलेल्या पोरसवदा थर्स्टनचाच तो श्वास होता, तोच आवंढा होता. इडोनी त्याचं काहीही विसरली नव्हती. तुरुंगाच्या गजांतून नवऱ्याला तिनं ते जसंच्या तसं दिलं होतं.

स्तोत्र संपलं. हॅमो थांबला नाही. त्यानं भक्तिभावानं आणखी एक लॅटिन ओळ म्हटली. तिचा अर्थ होता:

"पाणचक्कीवाल्याला नाही म्हण, मला हो म्हण."

थर्स्टननं मनातलं सांगितलं होतं ते असं. स्तोत्राच्या सुरात, लॅटिनमध्ये. 'हे काय?' असं तिनं विचारल्यावर त्याचा धीर सुटला होता. 'स्तोत्रातलंच आहे,' तो म्हणाला होता. जिला कधी विचारलंच नाही, तिच्या नकारावर तो वीस वर्षं जळत होता.

सर गर्व्हेजनी भुवया उंचावल्या. "मास्टर थर्स्टन, ही शेवटची ओळ आमच्या पुस्तकात नाही हो."

"नव्या शुद्ध प्रतीत आहे, सरकार. फ्लॉरेन्सहून आलेल्या."

"हां, हां, ती! वाचलीय आम्ही." सर गर्व्हेज खुर्चीत सावरून बसले. "लोकांना अर्थ सांगा तिचा. कळू द्या त्यांनाही."

खरा अर्थ थर्स्टनच्या ओठांवर आला. साध्या इंग्रजीत, तिच्यासमोर. एका वाक्यात इडोनीला सगळं कळलं असतं, आणि त्याच वाक्यात हॅमो लटकला असता. इतकं सोपं त्याला कुणी कधीच करून दिलं नव्हतं. त्यानं इडोनीकडे पाहिलं. ती नवऱ्याकडे पाहत होती, आणि तिचे ओठ अजून ते स्तोत्र पुटपुटत होते.

"देवा," थर्स्टन म्हणाला, "जे दुसऱ्याचं आहे, त्याचा लोभ माझ्या मनातून काढ."

"वा! घोडीचोराला अगदी साजेसं. मग, वाचतो का हा?"

थर्स्टननं पुस्तक सरळ केलं आणि मिटलं.

"वाचतो."

हॅमोला डागायला नेलं. त्याच्या मागोमाग धावत सुटलेली इडोनी दारात एकाएकी वळली आणि थर्स्टनपाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"वीस वर्षं ह्यांच्या शेजारी निजताना रोज म्हणते मी ती ओळ, मास्टर," ती म्हणाली. "अर्थ तेवढा आज तुमच्याकडून कळला."