रोजची बचत

पतसंस्थेचा एजंट हिरामण अठरा वर्षं गंगापूर रोडवरच्या दुकानदारांकडून रोजची बचत गोळा करायचा. कुणाचं दुकान बंद दिसलं, तर घरी जाऊन कडी वाजवायचा, विचारपूस करायचा. गेल्या महिन्यात संस्थेनं अ‍ॅप आणलं आणि हिरामणला घरी बसवलं.

सायकल दुरुस्तीवाले खंडेराव दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. त्यांचं शटर खाली दिसलं तेव्हा समोर फुलं विकणाऱ्या नवसाबाईला वाटलं, वणीला लेकीकडे गेले असतील. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. चार माणसं बोलावून तिनं दार फोडलं. खंडेराव मोरीत पडलेले होते. मांडीचं हाड मोडलेलं, आणि ओरडून ओरडून घसा पार बसलेला.

त्यांना दवाखान्यात पोचवून नवसाबाई तडक पतसंस्थेत शिरली.

"हिरामण असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं!" ती मॅनेजरवर कडाडली. "माणूस तीन दिवस पडून होता. तुमच्या अ‍ॅपला कळलं नाय?"

मॅनेजरनं शांतपणे खंडेरावांचं खातं उघडलं. "काहीच अडचण दिसत नाही, मावशी. तिन्ही दिवसांची बचत वेळेवर जमा आहे. आपोआप कटते ना."

नवसाबाईनं त्याच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"आणि आत्ता दवाखान्यात त्यांच्या उशाशी कोण बसलंय, ते दिसतं का त्यात?" ती म्हणाली. "हिरामण बसलाय. नुसता फोन केला, तर धावत आला. बिनपगारी."