भूगोलाच्या वहीवरचा ताड

बाईंनी वर्गाच्या भिंतीवर सतरा वह्या टांगल्या होत्या. पुंडलिक तांडेलाची नजर आपल्या पोरीच्या, हंसाच्या वहीवर गेली आणि तिथंच अडकली.

बाकीच्या पोरांनी मुखपृष्ठावर पृथ्वीचा गोल काढला होता, कमळ काढलं होतं, नाहीतर पुस्तकातला नकाशा उतरवला होता. हंसानं काढला होता आपल्या गावचा, दांडीचा किनारा. भोवती मासोळ्यांची नक्षी, खाली वळणदार अक्षरांत ‘भूगोल, इयत्ता सहावी’. पालघरहून आलेल्या नव्या बाईंना पोरीचं किती कौतुक करू नि किती नको असं झालं होतं. समुद्रातून दिसावा तसा किनारा काढलाय म्हणाल्या. ही वही पुढच्या आठवड्यापासून महिनाभर पालघरच्या प्रदर्शनात राहणार होती.

पुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं.

चित्रात देवळाच्या कळसामागं ताड उभा होता, अगदी नेमका मागं. डोंगरातल्या खिंडीखाली बंदरावरचं पांढरं घर, तेही नेमकं. किनारा असा दिसतो तो अख्ख्या दर्यात एकाच जागेवरून. पाण्यावर काही खूण करता येत नाही, म्हणून कोळी किनाऱ्यावरच्या, एकामागं एक दिसणाऱ्या खुणांच्या दोन जोड्या धरतात. दोन्ही एकाच वेळी जुळल्या की खाली आपला खडक आला म्हणायचं आणि नांगर टाकायचा. पुंडलिकच्या खडकावर घोळ लागायची, सगळ्यांत चांगला भाव मिळणारी मासळी. अकरा वर्षं त्याचं घर त्या एका जागेवर चाललं होतं. कुठं मिळाली म्हणून कोणी विचारलंच, तर तो म्हणायचा, दर्यानं दिली.

आणि गावातल्या दुसऱ्या होडीचा झिपरू तांडेल, स्वतःच्या नातवाची वही सोडून, मान तिरकी करून नेमका ह्याच वहीपुढं उभा होता.

पुंडलिक मुळातच संशयी. मासा तराजूत टाकला तरी काटा बघायच्या आधी तो काटेवाल्याचं तोंड बघायचा. घरी येईपर्यंत त्यानं सगळा हिशेब जुळवला. हंसानं होडीत कधी पाय ठेवलेला नाही. म्हणजे तिला कोणीतरी सांगितलं. होडीवर आपल्याबरोबर असतो कोण? रामू.

रामू त्याच्या बायकोचा, जमनाचा, धाकटा भाऊ. त्यांचा बाप पुंजाराम. घोळ मारावी तर पुंजारामनंच, असं एके काळी गाव म्हणायचं. म्हातारा शेवटी पुंडलिकच्या घरीच वारला. रामू तेव्हा सातपाटीला खलाशी होता. निरोप मिळून तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुंडलिकनं त्याला आपल्या होडीवर घेतलं, आणि बायकोच्या भावाला कोण एवढं बघतो, म्हणून गावानं त्याला वाखाणलं.

खडक जवळ आला की पुंडलिक रामूला किनाऱ्याकडं पाठ करून दोर सोडायला बसवायचा. पण माणसाचे डोळे काय बांधून ठेवता येतात? आता एकेक गोष्ट आठवायला लागली. हंसाला बोईसरहून रंगाची पेटी आणली ती रामूनं. मागच्या बाजाराला झिपरूबरोबर चहा प्यायला तोही रामूच. हंसाला विचारलं तर म्हणाली, असंच सुचलं. वर बघितलं नाही तिनं.

सकाळी बंदरावर पुंडलिकनं रामूला बाजूला घेतलं.

“आजपासून होडीवर येऊ नको.”

“काय चुकलं माझं, भावोजी?”

“तुला ठाव हाय.”

रामूनं खांद्यावरचा दोर खाली ठेवला. मग आपला डबा उचलून गेला. तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं होतं, तिथं तो दगड वाहायला लागला. जमना दोन दिवस जेवायला वाढण्यापुरतंच बोलली. पुंडलिकला त्यातही कटाचा वास आला. बहीणभाऊ दोघंही आतून एक असणार.

तिसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. हंसाला रंग नीट करायचेत, अशी थाप मारून वही घरी घेऊन आला. पोरीला पुढ्यात बसवून त्यानं सांगितलं, ताड पुसायचा आणि बोटभर डावीकडं काढायचा. हंसा हुंदके द्यायला लागली. रबराला हात लावेना. पुंडलिकनं हात उगारला.

जमना मागच्या दारी बोंबील वाळत घालत होती. ती आत आली, तिनं वही उचलली आणि पोरीला पाठीशी घेतलं.

“तिला मारू नका. कुठं काय काढायचं ते मीच सांगितलं.”

“आणि तुला रामूनं.”

“रामूला काय ठाव? त्याला कोणी सांगितलंच नाय.”

अकरा वर्षं गिळून बसली होती, म्हणाली. नवऱ्याची लाज भावापुढं कशी काढायची? रोज रामूला डबा भरून देताना त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. वाटलं, शाळेच्या भिंतीवर चित्र लागेल, रामू बघेल, कधीतरी आपणहून विचारेल, ह्या खुणा कुठल्या.

“मग तुला कोणी सांगितलं ते बोल,” पुंडलिक म्हणाला.

“माझ्या बापसानं. ह्याच घरात. डोळे गेले होते त्याचे. मी पेज घेऊन दारात उभी होती. त्या खडकाची एकेक खूण सांगून तो विचारत होता, रामू, तूच हायस ना रं? आणि त्याचा हात हातात घेऊन तुमी म्हटलं, हां बाबा, मीच.”