खिडकीतली संजीवनी

वर्षा माहेरी निघून गेली त्याला दोन महिने झाले होते, आणि ती गजेंद्रचा फोन उचलत नव्हती. उधन्याच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याने त्याला मुठीसारखी आवळलेली, वाळकी संजीवनी दिली. म्हणाला, "हिला पाणी घालायचं नाही. लांब कोणी तुझी आठवण काढली, की आपोआप उघडते."

गजेंद्रने ती डिंडोलीच्या खोलीत खिडकीत ठेवली, वाडग्यात. सकाळी तो कापडाच्या लूमवर कामाला निघायचा तेव्हा ती सुकलेली असायची. रात्री आठला परत यायचा तेव्हा हिरवीगार, पसरलेली. रोज. गडी येडाच झाला. तुटलेला धागा जोडता जोडता एकटाच हसायचा. वर्षाने फोन नाही उचलला तरी आता त्याला जेवण जायचं.

खोलीत त्याचा पार्टनर होता हेमराजदादा, शिरपूरकडचा, रात्रपाळीवाला. दोघं एकाच गादीवर झोपायचे, पण एक उठून गेला की दुसरा. त्यामुळे बोलणं असं नव्हतंच.

एक दिवस लाइट गेली आणि कारखान्यातलं लूमचं खातं चारलाच बंद पडलं. गजेंद्र खोलीवर आला, तर हेमराजदादा वाडग्यातलं पाणी मोरीत ओतत होता.

"झोपताना भिजवतो अन् उठलो की पाणी फेकतो," तो म्हणाला. "नाहीतर सडेल ना. तू तर ढुंकून पाहत नाही तिच्याकडे."

गजेंद्र गादीवर बसला.

"काय झालं भाऊ? नको घालू का पाणी?"

"घालत जा दादा," गजेंद्र म्हणाला. "फक्त मी यायच्या आत आवरत जा."